तांदळातलं नाव

भाकऱ्या थापून थापून हेमालीचे खांदे भरून आले होते, तरी परातीतलं पीठ काही संपत नव्हतं. नव्या ट्रेलरची पूजा सकाळी दहालाच उरकली. भटजी दक्षिणा घेऊन गेले, चाकाखालची लिंबं फुटली, ट्रेलर झेंडूच्या माळा मिरवत रस्त्याकडेला उभा राहिला, आणि तेव्हापासून म्हात्र्यांच्या घरातल्या बायकांना चुलीपुढून उठायची सोय नव्हती. मांडवात दुसरी पंगत बसली होती. रस्सा वाढायला पुरुष होते, पण भाकरी आतून यायची आणि ती गरमच यायला हवी. सगळ्यांना गरमच हवी! थापणारीच्या हाताला चटके बसतात त्याचं कोणाला काय?

हेमालीला आज राग होता आणि त्या रागाला पत्ता होता. माडीवरची खोली. तिथे तिची धाकटी जाऊ कल्पिता दाराला कडी लावून, आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद करून, लॅपटॉपसमोर बसली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर, दीड ते साडेचार. घरात दीडशे माणूस जेवतंय आणि घरची एक सून परीक्षा देतेय, तीही घरातच बसून! अशी परीक्षा असते होय?

"तुझी जाऊ कुठं गेली गो?" आत्येसासू गोदूबाईने तिसऱ्यांदा विचारलं. ती काही काम करत नव्हती, पण चुलीजवळची चांगली जागा अडवून बसली होती.

"वर हाय. पेपर हाय तिचा."

"म्हंजे? मास्तर आलाय घरी?"

"मास्तर कॉम्प्युटरात असतोय, आत्या. तिथनं बघतोय."

"मंग त्याला सांग म्हनावं, जरा थांब बाबा, दोन भाकऱ्या थापून येते."

बायका हसल्या. हेमालीही हसली, आणि तेवढ्यानं तिला जरा बरं वाटलं. का नाही वाटणार? तीन वर्षं हे चाललं होतं. धाकटीचं लेक्चर संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमकं दिवाबत्ती आणि चहाच्या वेळेला. खाली रेंज नाही म्हणून ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायची, कानात ते बोंडूक घालून. समोरच्या आळीतल्या बायकांनी महिन्याभरात गावभर केलं की म्हात्र्यांची धाकटी सून रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन कोणा पुरुषाशी बोलते. मग सासूबाईंनी, नीराबाईंनी, गच्चीला कुलूप लावलं. मग धाकटी खोलीत खिडकीच्या गजाला मोबाईल बांधून ऐकायला लागली. एकदा तिचा माईक चालू राहिला आणि नीराबाई जिन्यातून ओरडत होत्या ते सगळं, अगदी 'तुझ्या बापाने शिकवायचं होतं मंग' इथपर्यंत, महाराष्ट्रभरच्या साठ पोरींनी ऐकलं. त्या दिवशी धाकटी जेवली नव्हती. हेमालीने तेव्हा तिच्या ताटातला भात पातेल्यात परत ओतला होता आणि मनात म्हटलं होतं, हौस कोणाला आहे? तुलाच ना?

दीड वाजून गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात हेमालीने बघितलं, एक पस्तीस. आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

धाकटी खाली आली. पेपर सोडून! केस घट्ट बांधलेले, हातात आधार कार्ड. चेहरा पार उतरलेला. बायकांकडे न बघता ती सरळ मांडवात गेली. पंगत बसली असताना घरातल्या सुनेने मधल्या मोकळ्या जागेतून चालत जाणं या घरात कधी झालं नव्हतं. हेमालीने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि दारात आली.

"दादा," धाकटी मोठ्या दिरापुढे, म्हणजे हेमालीच्या नवऱ्यापुढे, जाऊन उभी राहिली. "हे कार्ड माझ्या पर्समध्ये तुम्ही ठेवलंत?"

प्रज्योत ट्रेलरच्या फायनान्सवाल्या साहेबांना आग्रह करत होता. तो हसून वळला. "बघितलंस का? संध्याकाळी सांगणार होतो. आजच्या दिवशी भेट म्हणून ठेवलं. एक नंबर काम झालंय. राजपत्रात नाव छापून आणलं, उरणच्या एजंटाकडून."

"माझं जुनं कार्ड कुठाय?"

"कापलं. दोन कार्डं ठेवायची नसतात."

"कापलं," धाकटी म्हणाली. तिने तो शब्द नुसता परत म्हटला. मग ती ओरडली. हेमालीने तिला तीन वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. "कोणाला विचारून कापलंत? माझं कार्ड होतं ते! माझ्या पर्सला हात कसा लावलात तुम्ही?"

पंगत थांबली. फायनान्सवाल्या साहेबांचा हात रश्श्यात तसाच राहिला. मांडवातल्या स्पीकरवर गाणं वाजत होतं, तेवढंच वाजत राहिलं.

"आवाज खाली," प्रज्योत म्हणाला. "काय झालंय ते नीट बोल."

धाकटीने नीट सांगितलं. एकेक गोष्ट तोडून तोडून सांगितली, आणि हेमालीला पहिल्यांदा नीट कळलं की ही परीक्षा असते तरी कशी. पेपर उघडायच्या आधी निरीक्षक मॅडम कॅमेऱ्यात दिसतात. खोली सगळी फिरवून दाखवायची. मग ओळखपत्र दाखवायचं. नोंदणी झालीय जागृती नामा ठाकूर या नावाने, कारण बारावीचं सर्टिफिकेट त्याच नावाचं, तीन वर्षांच्या मार्कलिस्टाही त्याच नावाच्या. आधीचे पाच पेपर तिने जुनं कार्ड दाखवून दिले. आज पर्समध्ये हात घातला आणि निघालं काय? कल्पिता अल्पेश म्हात्रे. मॅडम म्हणाल्या, तुम्ही दुसऱ्याच्या जागी बसलाय का?

"दोन वाजता वर्ग बंद होतो," ती म्हणाली. "दोनच्या आत नाव पटलं नाही तर मी गैरहजर. हा पेपर पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी हे कार्ड असंच असणार!"

"मंग पुढच्या वर्षी नव्या नावाने फॉर्म भर," प्रज्योत म्हणाला. "घर जळतंय काय?"

"बारावी कोणाची झालीय मग? तुमच्या कल्पिताची?"

हे 'तुमच्या कल्पिताची' हेमालीच्या कानात बसलं.

सासरे बाळाजी खुर्चीतून उठले. त्यांना पाहुण्यांसमोर तमाशा नको होता आणि तमाशा तर झालेलाच होता. "पोरी, प्रज्योतने वाईट नाय केला. तुझी ती पुस्तकं यायची, पोस्टमन गल्लीत उभा राहून बोंबलायचा, जागृती ठाकूर कोण, जागृती ठाकूर कोण. नाक्यावर लोकं प्रज्योतला विचारायला लागली, तुमच्या घरात भाडेकरू ठेवलाय काय? घरात एकाच नावानं रहावं मानसानं."

"बाबा, पण सही माझी घेतली रेशनकार्डाच्या नावाखाली! अंगठे घेतले पंचायतीच्या कॅम्पात, म्हणाले बायोमेट्रिक अपडेट."

"सही तर तूच केलीस ना," प्रज्योत म्हणाला. "बी.ए. शिकतेस. वाचून सही करायची."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते हेमालीला तेव्हा समजलं, आणि नवल म्हणजे आग तिच्या स्वतःच्या मस्तकात गेली होती. एवढं निर्लज्ज बोलणं! त्या कागदांच्या गठ्ठ्यात तिनेही सह्या केल्या होत्या की. जिथे प्रज्योतने बोट ठेवलं तिथे. दोघी जावांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, हात पुसून, हसत हसत.

पोस्टमनचं नाव निघालं तेव्हाच हेमालीने नजर खाली घातली होती. कारण त्या सगळ्याची सुरुवात तिने केली होती. धाकटीचं लग्न होऊन तीन महिने झाले असतील. हेमाली अंगणात सुकट वाळत घालत होती. पोस्टमन जाडजूड पाकीट घेऊन आला, 'जागृती नामा ठाकूर?' म्हणाला, आणि हेमालीने मान हलवली. असं कोणी नाही हो इथे, गाव चुकलंत. तिला खरंच आठवलं नव्हतं! देवाशप्पथ नव्हतं आठवलं. लग्नाच्या पत्रिकेवर वाचलेलं नाव तीन महिन्यांत तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. पोस्टमनने पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि ते परत गेलं. वीस दिवसांनी धाकटीने अभ्यासकेंद्रावर फोन केला तेव्हा उलगडा झाला. तिने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, ताई, तुम्ही असं सांगितलंत? आणि हेमाली हसली होती. अगं, ध्यानातच आलं नाही गं.

दुसरं पाकीट नीराबाईंनी परत पाठवलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मॅडमने एक वाट सांगितलीय," धाकटी आता बाळाजींकडे बघून बोलत होती. "दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं मी लिहून द्यायचं. आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने आपलं ओळखपत्र घेऊन कॅमेऱ्यासमोर यायचं आणि सांगायचं, ही जागृती नामा ठाकूर. रेकॉर्ड होतं ते. मग पेपर उघडतील. राजपत्राचा कागद आठ दिवसांत पाठवला की झालं. एवढंच करायचंय. बाबा, चला ना. दोन मिनिटं."

बाळाजींनी मोठ्या मुलाकडे बघितलं.

"कोणी जायचं नाही," प्रज्योत म्हणाला. "माझं ऐकून घ्या. राजपत्र म्हणजे सरकार. सरकारला सांगितलंय ही कल्पिता. आता कॅमेऱ्यात जाऊन सांगायचं की ही जागृती? रेकॉर्ड करून? उद्या कोणी विचारलं तर आत कोण जाणार? मी."

"अरे पन तिचा पेपर..."

"बाबा, ट्रेलरचे कागद कोणाच्या सहीने झालेत? माझ्याच ना? तुम्ही गप्प बसा."

बाळाजी बसले. खारात आयुष्य काढलेला, भर उन्हात मिठाच्या राशी ओढलेला माणूस, मुलगा गप्प बस म्हणाला तर गप्प बसला. हेमालीला त्यांची कीव आली नाही, चीड आली.

"आई?" धाकटी सासूकडे वळली.

नीराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "मी कशी येऊ गो कॅमेऱ्यात? आन तुला काय वाईट हाय त्या नावात? मी किती हौसेनं ठेवलंय. हेमालीचं मी ठेवलं, तुझं मी ठेवलं. माझं माझ्या सासूनं ठेवलं. कोनाचं काय वाकडं झालं?"

"माझं आता होतंय. वीस मिनिटांत होणार आहे."

"लई चुरुचुरु बोलते हां ही," गोदूबाई मागून म्हणाली. "शिकली का असंच व्हतं."

एक बेचाळीस.

धाकटीने शेवटी नवऱ्याकडे बघितलं. अल्पेश रश्श्याची बादली घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. सेकंड हॅण्ड लॅपटॉप त्यानेच आणला होता, घरात न सांगता फीसुद्धा त्यानेच भरली होती, हे हेमालीला माहीत होतं. रात्री भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, 'जागृती, आता झोप'. खोलीत तो तिला त्याच नावाने हाक मारायचा. खोलीच्या बाहेर पडला की कल्पिता.

"अल्पेश, चल," ती म्हणाली.

अल्पेशने बादली खाली ठेवली. भावाकडे बघितलं. "दादा, मी जाऊन येतो जरा. नुसतं सांगायचंय."

"जा की," प्रज्योत म्हणाला. "मी पण येतो. बघू तरी काय बोलतोस."

माडीच्या जिन्यावर सगळी वरात चढली. पुढे धाकटी, मागे अल्पेश, त्याच्या पाठीला लागून प्रज्योत, मग नीराबाई, आणि सगळ्यात मागे पिठाच्या हाताने हेमाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. खाली तवा जळत असणार, पण जळू दे.

खोलीत भयंकर उकडत होतं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी पाण्याची बाटली, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढून ठेवलेलं. पडद्यावर चष्मा लावलेली एक बाई होती. तिचा आवाज कोरडा होता पण वाईट नव्हता. "या. साक्षीदारांनी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा. बाकीच्यांनी दाराबाहेर थांबा, प्लीज."

प्रज्योत दाराबाहेर थांबला. बरोबर अशा जागी, की अल्पेशला तो दिसेल आणि कॅमेऱ्याला दिसणार नाही.

अल्पेशने कार्ड दाखवलं. मॅडमने नंबर टिपला. "परीक्षार्थीशी नातं?"

"मिसेस आहे माझी."

"त्यांचं नाव सांगा. लग्नाआधीचं पूर्ण नाव, नोंदणीप्रमाणे."

अल्पेशने घसा साफ केला. त्याची नजर दाराकडे गेली. हेमाली नवऱ्याच्या खांद्यामागून बघत होती, प्रज्योतने काही म्हणजे काही केलं नाही, हात नुसते छातीवर बांधले. आणि हेमालीला मनापासून वाटत होतं की हा बोलेल. दोन शब्दांचं तर काम. रोज रात्री म्हणतोस की रे!

"कल्पिता," अल्पेश म्हणाला. "कल्पिता अल्पेश म्हात्रे."

"हे नव्या कार्डावरचं झालं. लग्नाआधीचं?"

"मॅडम, ते... आता ऑफिशियल हेच आहे ना. म्हणजे घरात असं ठरलंय की..."

"तुम्ही यांना जागृती नामा ठाकूर म्हणून ओळखता की नाही? हो किंवा नाही."

 अल्पेशच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्याने 'नाही' म्हटलं नाही, पण 'हो' पण म्हटलं नाही, आणि धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हेमालीने ओळखलं, कारण ते तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर एकदा येऊन गेलं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. ताटात तांदूळ पसरलेले, प्रज्योतच्या बोटात अंगठी, भोवती पाहुण्यांची गर्दी. नवीन नाव काय, नवीन नाव काय, करत सगळे वाकलेले. आणि प्रज्योतने अंगठीने तांदळात रेघा ओढल्या, हे-मा-ली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. तिला आधी कोणी सांगितलंही नव्हतं. तिने ते उलटं वाचलं होतं, कारण ती ताटाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात तिनेच शिजवला, आणि सगळे जेवले. बारावीला तिला बहात्तर टक्के होते. नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवलेला होता. पुढे त्या फॉर्मचं काय झालं ते या घरात कोणी विचारलं नाही, आणि मग तिनेही विचारायचं सोडून दिलं. हौस कोणाला आहे, म्हणायची ती! वा गं वा, हेमाली. ताटातला भात पातेल्यात ओतणारी तूच ना?

"एक त्रेपन्न झालेत," मॅडम म्हणाल्या. "दुसरं कोणी आहे का? नाहीतर मला गैरहजर लावावं लागेल."

हेमाली वळली आणि आपल्या खोलीत धावली. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या साड्यांखाली, प्लास्टिकची एक पिशवी होती. दहावी, बारावी, शाळा सोडल्याचा दाखला. त्यातून तिने हवं ते ओढून काढलं, बाकीचे कागद जमिनीवर पडले ते तसेच टाकले. परत येते तो दारात प्रज्योत आडवा.

"हेमाली, खाली जा. भाकऱ्या राहिल्यात."

"सरका."

"मी काय सांगतोय?"

"मला ऐकू येतंय तुम्ही काय सांगताय. नऊ वर्षं ऐकतेय. सरका बाजूला, नाहीतर इथनंच ओरडून सांगेन मॅडमला की दारात माणूस उभा आहे आणि साक्षीदाराला आत येऊ देत नाही. रेकॉर्ड होतं ते!"

प्रज्योत सरकला. पाहुणे जिन्याखाली जमले होते आणि फायनान्सवाले साहेब हात धुऊन वर बघत होते, म्हणून सरकला. कशाने का होईना.

हेमालीने अल्पेशला खांद्याला धरून कॅमेऱ्यासमोरून बाजूला केलं. त्याच्या सदऱ्यावर पिठाचा पंजा उमटला. "तुम्ही व्हा तिकडे, भावजी."

"तुमचं परीक्षार्थीशी नातं?" मॅडमने विचारलं.

"जाऊ. मोठी जाऊ."

"कार्ड जरा जवळ धरा. हां, स्थिर." पडद्यातली बाई डोळे बारीक करून वाचायला लागली. लॅपटॉपचा आवाज धाकटीने मोठा ठेवला होता, त्यामुळे नाव खोलीभर, दारापर्यंत ऐकू आलं. "प्रणाली महादेव घरत."

दारातून नीराबाई म्हणाल्या, "ही कोन गो प्रणाली?"

"मी," हेमाली मागे न बघता म्हणाली.

 या कार्डाचं नाव बदलायचं कोणाला सुचलंच नव्हतं, कारण त्या कार्डाची कधी गरजच पडली नव्हती. तिला कोण पुस्तकं पाठवणार होतं? तिच्या नावाने गल्लीत बोंबलायला पोस्टमन कधी आलाच नाही.

"प्रणालीताई," मॅडम म्हणाल्या. नऊ वर्षांनी, आणि तेही परक्या बाईच्या तोंडून. हेमालीने कार्ड तसंच धरून ठेवलं, रडायला वेळ कुठे होता? "तुमच्या शेजारी बसल्या आहेत त्या कोण?"

"जागृती नामा ठाकूर. रेवसच्या बाजूची. बापाचं नाव नामा. लग्नाआधी हीच आणि लग्नानंतरही हीच. तीन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत अभ्यास केलाय हिने, खिडकीला मोबाईल बांधून. हे दुसरं कार्ड तिला न सांगता काढलंय. तिची काही चूक नाही. मॅडम, अजून काही बोलायला हवं असेल तर सांगा, मी बोलते. एक दोन नव्हे, पुष्कळ बोलायचंय मला."

पडद्यातल्या बाईने टिपून घेतलं. "एवढं पुरे आहे, ताई. जागृती, घोषणापत्रावर सही करून कॅमेऱ्याला दाखवा. एक सत्तावन्न. पेपर उघडतेय. गेलेला वेळ भरून मिळणार नाही. खोलीत दुसरं कोणीही नको."

जागृतीने सही केली. कागद दाखवला, आणि पडद्यावर प्रश्न आले. मग ती वळली. हेमालीचा पिठाचा हात तिने घट्ट दाबला. अल्पेश अजून भिंतीशी उभा होता.

"जागृती, ऐक ना," तो हळू आवाजात म्हणाला.

"आता म्हणतोस?" ती म्हणाली. "बाहेर हो."

तो बाहेर झाला. आतून कडी लागली.

हेमाली जिना उतरली तेव्हा खाली सगळं गाव गोळा झाल्यासारखं वाटत होतं. जळक्या भाकरीचा वास मांडवापर्यंत आला होता. गोदूबाई पहिल्यांदाच चुलीपाशी उभी राहून तवा खाली घ्यायची खटपट करत होती. बाळाजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. नीराबाई जिन्यातच थांबल्या होत्या, कठड्याला धरून, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. कदाचित जुनं काही आठवायचा प्रयत्न असेल. हेमालीने थांबून विचारलं नाही, आज तेवढी माया तिच्यात शिल्लक नव्हती.

"सगळ्यांसमोर नाक कापलंस," प्रज्योत दातओठ खात तिच्या मागोमाग उतरला. "पाहुणे जाऊ देत, मग बघतो तुझ्याकडे. आधी जा, भाकऱ्या टाक. तिसरी पंगत बसायचीय."

"तिसऱ्या पंगतीला भात वाढा. आणि ते गाणं बंद करा, वर पेपर चाललाय. साडेचार वाजेपर्यंत स्पीकर लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, आणि या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. कोणीच."

"तू कोण सांगणारी?"

"कोण ते वर रेकॉर्ड झालंय," ती म्हणाली, मांडवात गेली आणि स्पीकरची पिन ओढून काढली.